मधला चौकोन

पुतणीने लिहिलेल्या मजकुरात हर्षवर्धनचं नाव कुठेच नव्हतं. पण मार्वाला मोठा दीर एकच होता, त्यामुळे नाव नसल्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

"वाचलंस ना तू?" त्याने पुन्हा विचारलं.

"वाचलं," स्वाती म्हणाली. ती पुलावासाठी कांदा चिरत होती. डोळ्यांतलं पाणी कांद्याच्या नावावर खपून जात होतं, ते बरंच होतं.

"मग? काही म्हणशील की नाही?"

"तुमच्याबद्दल लिहिलंय. तुम्हीच म्हणा."

हर्षवर्धन काउंटरला टेकून उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली तो पायजमा. हा पायजमा म्हणजे स्वातीच्या संसारातली जुनी डोकेदुखी होती. त्याचा मूळ रंग कोणता यावर घरात एकमत नव्हतं. गुडघ्यावर तो इतका विरला होता की आतला गुडघा दिसायचा, आणि नाडीच्या जागी सध्या बुटाची लेस होती. तिने टाकायला काढला की हा म्हणायचा, "असू दे गं, मऊ झालाय." बरं, देऊन टाकावा तर तीही सोय नव्हती. टोरोंटोजवळच्या या व्हिटबीतल्या प्रत्येक प्लाझात जुने कपडे टाकायच्या पेट्या होत्या, शेजारपाजारचे पिशव्या भरभरून टाकून यायचे. खरातांच्या घरातला कपडा मात्र फाटून त्याचं फडकं होईपर्यंत उंबऱ्याबाहेर जात नसे. सासऱ्यांचा, रावसाहेब मास्तरांचा, तसा नियमच होता. उतरलेलं कुणाचं घ्यायचं नाही आणि आपलं उतरलेलं कुणाला द्यायचं नाही. सासरे गेले, नियम राहिला.

हर्षवर्धनने चष्मा नाकावर ढकलला आणि फोनवरचा इंग्रजी मजकूर मराठी करत मोठ्याने वाचला. मीटिंगमध्ये ठराव वाचावा तसा.

"'या वाकळीसाठी माझ्या आईने दोन्ही घरांतल्या प्रत्येकाकडे एकेक वापरलेलं कापड मागितलं. मधला चौकोन तिने माझ्या मोठ्या काकासाठी ठेवला होता. त्याने कापड दिलं नाही. त्याने तिला कधी आपलं मानलं नाही. म्हणून चौकोन मोकळा आहे.' भिंतीवर, स्वाती! टोरोंटोतल्या गॅलरीच्या भिंतीवर लागणार हे. ओपनिंगला आपल्या असोसिएशनची बस जाणार आहे. मीच ठरवलीय बस!"

स्वातीने सुरी खाली ठेवली. तिला हसू आलं असतं, पण आजचा दिवस हसण्याचा नव्हता. मार्वाला जाऊन आज वर्ष झालं होतं. दुपारी तिचं पुण्यानुमोदन होतं, आणि उद्या सकाळी गॅलरीची गाडी येऊन तिचं शेवटचं काम घेऊन जाणार होती. भिंतीवरचा मजकूरही उद्याच छपाईला जायचा होता. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

"आणि हे खोटं आहे," हर्षवर्धन म्हणाला. "मी दिलं होतं. नवा कोरा शर्ट दिला होता, टॅगसकट. तूच काढून दिलास कपाटातून."

ते खरं होतं. प्रत्येक मराठी घरात असतं तसं त्यांच्याकडेही एक कपाट होतं, आलेल्या भेटवस्तू पुढे सरकवण्याचं. त्यातला तो शर्ट होता. निळा, त्यावर बारीक पांढरे नांगर छापलेले. कुणी दिला होता ते विसरायला झालं होतं, पण खलाशी असल्याशिवाय तो कुणी घालणार नाही याबद्दल नवरा-बायकोचं एकमत होतं.

"दिला होता खरं," स्वाती म्हणाली. "पण तिने वापरलेलं मागितलं होतं."

"आपल्याकडे देतात का वापरलेलं?"

स्वातीला दुसरंच आठवत होतं. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात हर्षवर्धन भाषण करायचा, आणि त्यात काळ्या लोकांच्या लढ्याचा दाखला हटकून असायचा. त्यांचं दुःख ते आपलं दुःख, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून यायचा. त्यात ढोंग नव्हतं. फक्त घरातल्या काळ्या बाईशी बोलताना तो हवामानाच्या पुढे कधी गेला नाही. आज थंडी फार आहे. हो, फार आहे. वीस वर्षं हेच.

आणि त्याआधी ते लग्न. धाकटा भाऊ राकेश आणि मार्वा यांचं लग्न सिटी हॉलमध्ये झालं त्या दिवशी हर्षवर्धन गेलाच नाही. ४०१ हायवेवर बर्फ पडतोय, गाड्या अडकल्यात, असा त्याने फोन केला. बर्फ पडला होता हे खरं. पण लग्न सकाळी होतं आणि बर्फ दुपारनंतर पडला, हे स्वातीला ठाऊक होतं, कारण कोट घालून, पर्स घेऊन ती दाराशी उभी होती.

*

दुपारी राकेशची गाडी ड्राइव्हवेवर आली. कडेला फावड्याने सारून ठेवलेल्या बर्फाचे ढीग काळे पडून अर्धे वितळले होते. मागच्या सीटवरून त्याची मुलगी ईशानी चादरीत गुंडाळलेलं एक भलंमोठं गाठोडं दोन्ही हातांनी सांभाळत उतरली. लहान मूल झोपलेलं असावं तसं तिने ते धरलं होतं. पुढच्या सीटवरून मार्वाची आई उतरली, मिस सिसलिन. तिच्या मांडीवर राजमा-भाताचं पातेलं होतं. ऐंशी ओलांडलेली बाई, पण डोक्याला हॅट आणि ओठांना लिपस्टिक असल्याशिवाय ती दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नसे.

"जयभीम काकू," ईशानी म्हणाली. एवढं एक ती मराठीत म्हणायची. बाकीचं सगळं तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. एकोणीस वर्षांची पोर आणि चेहऱ्यावर गेल्या वर्षभरात दहा वर्षं चढलेली. अंगात आईचा स्टुडिओतला शर्ट होता. वर्षभर ती तोच घालत होती. रंगाने, मेणाने, गंजाच्या डागांनी तो इतका माखला होता की मूळ कापड शोधावं लागलं असतं. काकाकडे तिने बघितलं नाही. काकाही पँट घालून आला होता आणि छताकडे बघत होता.

सासूबाई, इंदुमती, बेसमेंटमध्ये कार्पेटवर बसून त्यांची वाट बघत होत्या. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सारली होती.

"आण इकडं," त्या म्हणाल्या. "मला बगू दे एकदा, नेण्याआधी."

ईशानीने चादर सोडली आणि वाकळ कार्पेटभर पसरली.

स्वातीने ती याआधी तुकड्यातुकड्याने पाहिली होती, पूर्ण आजच. इंदुमतींचं हिरवं लुगडं होतं. राकेशची टीटीसीच्या, टोरोंटोच्या बस-ट्रामसेवेच्या, गणवेशाची बाही होती, सिसलिनचा पांढरा एप्रन होता. स्वातीने स्वतःची नागपूरची खणाची चोळी दिली होती, ती एका कोपऱ्यात होती. मधूनमधून कापडावर मार्वाने आपलं सामान जडवलं होतं: स्ट्रीटकारची वापरलेली ट्रान्सफर तिकिटं मेणात बुडवून, गंजलेले खिळे, जुन्या फोटोंचे तुकडे, जुन्या चाळणीची जाळी. आणि सगळीकडून धावदोऱ्याचे टाके कडेपासून आत आत येत होते. वाकळ अशीच शिवतात. कडेपासून सुरुवात करायची आणि मध्य शेवटी मिटवायचा. मार्वा आणि इंदुमती समोरासमोर बसायच्या, एक या कडेने, एक त्या कडेने. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. शनिवारचे शनिवार त्या स्टुडिओत अशा बसायच्या आणि राकेश म्हणायचा, एवढ्या गप्पा माझ्याशी दोघींपैकी कुणी मारत नाही.

मध्यभागी मात्र टाके थांबले होते. तिथे हातभर जागा उघडी होती आणि खालचं पांढरं अस्तर दिसत होतं.

सिसलिन वाकळीच्या कडेला उभी राहिली. तिने हॅट काढली.

"माझा एप्रन," ती म्हणाली. "रोझडेलच्या ज्या बड्या घरात मी कामाला होते तिथला. मॅडमचे उतरलेले कपडे मी घरी आणायची आणि ही पोर ते कात्रीने कापायची. मी ओरडायचे, चांगला फ्रॉक आहे, वाया घालवू नकोस. ती म्हणायची, ममा, मी याचे इतके तुकडे करणार की तो त्यांचा राहणारच नाही."

ती हसली. मग हसता हसता खुर्चीवर बसली आणि रडू लागली. इंदुमतींनी तिचा हात हातात घेतला आणि मराठीत सांगितलं, "रडा. आज रडायचाच दिवस हाय." सिसलिनला शब्द कळले नाहीत आणि समजलं सगळं.

बुद्धमूर्तीजवळ, बाबासाहेबांच्या आणि रावसाहेबांच्या फोटोशेजारी स्वातीने मार्वाचा फोटो ठेवला. त्रिसरण-पंचशील झालं. मग सिसलिनने आपल्या चर्चमधलं एक भजन कापऱ्या आवाजात म्हटलं, आणि हर्षवर्धन सगळ्यांबरोबर हात जोडून उभा राहिला. राकेश बोलायला उठला आणि एवढंच म्हणाला की मार्वा त्याला भेटली तेव्हा ती स्ट्रीटकारच्या फरशीवरून लोकांनी टाकलेली तिकिटं गोळा करत होती, आणि त्याला वाटलं हिचं तिकीट हरवलंय, म्हणून त्याने स्वतःचं दिलं. पुढे बोलता आलं नाही त्याला. तीस वर्षं तिच्या कामाला लोक हस्तकला म्हणाले, जत्रेत टेबल देऊ म्हणाले. मोठ्या गॅलरीचं पत्र आलं तेव्हा ती हॉस्पिटलात होती. हे सगळ्यांनाच माहीत होतं, ते त्याने पुन्हा सांगितलं नाही हेच बरं झालं.

*

जेवणं होईपर्यंत सगळ्यांनी दम धरला. पुलावही झाला, राजमा-भातही झाला. मग हर्षवर्धनने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"ईशानी, तो मजकूर बदलावा लागेल."

"व्हाय?"

"कारण तो खरा नाही. मी कापड दिलं होतं."

"मग ते कुठे आहे?" ती इंग्रजीतच म्हणाली. "दाखवा मला. इथे सगळ्यांचं आहे. ग्रॅनचं आहे, आजीचं आहे, काकूंचं आहे. डॅडच्या कामावरच्या माणसाने मोजा दिला, तोही आहे. तुमचं कुठे आहे?"

"मी नवा शर्ट दिला होता."

"तिने नवं मागितलं नव्हतं."

राकेश मध्ये पडला. "ईशू, काढून टाक ना ते वाक्य. एका ओळीसाठी कशाला? मम्मीला भांडण नको असायचं."

"मम्मीला भांडण आवडायचं, डॅड. तुला नको असायचं."

राकेशचा चेहरा उतरला. स्वातीला त्याची दया आली. बायको आणि भाऊ यांच्यामध्ये वीस वर्षं उभं राहून या माणसाचं अंग आखडलं होतं, आणि आता बायको नव्हती तर मुलगी होती.

"दादाचंही नाव आहे समाजात," तो पुटपुटला.

"तिचं नव्हतं?"

"असं कसं बोलतेस मोठ्यांशी?" हर्षवर्धनचा आवाज चढला. "मी काय शत्रू होतो तिचा? तुझ्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात कोण आलं होतं? आई, सांगा हिला."

इंदुमती वाकळीची एक सुटलेली कड बोटाने दाबत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आला व्हतास. लिवलंय ते पण खोटं न्हाई."

"आई!"

"तिला आपलं मानलंस का? नुसतं हो का न्हाई ते सांग. भाषण नको."

हर्षवर्धनने बायकोकडे पाहिलं. स्वातीला ते बघणं ओळखीचं होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात या नजरेला तिने कधी पाठ दाखवली नव्हती, आजही दाखवावीशी वाटत नव्हती. ईशानीही तिच्याकडेच बघत होती. पोरीला वाटत होतं, काकू आपल्या बाजूची आहे. नवऱ्याला वाटत होतं, बायको आपल्या बाजूची आहे. दोघांचंही खरं होतं, आणि हीच पंचाईत होती.

"शर्ट दिला होता, ईशू," ती म्हणाली. "ते खोटं नाही. मीच काढून दिला. निळा होता, त्यावर..."

आणि ती थांबली.

बेसमेंटमध्ये उकडत होतं म्हणून ईशानीने केस वर घेऊन बांधायला हात उचलले होते. मानेपाशी शर्टाची कॉलर उलटली होती. कॉलरच्या आतल्या बाजूला रंग पोचला नव्हता. तिथे स्वच्छ निळं कापड होतं, आणि त्यावर बारीक पांढरे नांगर.

"अगं बाई," स्वाती म्हणाली.

ती उठली आणि पुतणीच्या मागे जाऊन उभी राहिली. कॉलर हातात धरली. "अहो, इकडे या. हे बघा."

हर्षवर्धन आला. वाकला. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हा शर्ट..." तो म्हणाला.

"मम्मीचा आहे," ईशानी म्हणाली. तिने कॉलर स्वतःकडे ओढून घेतली. "कामाचा शर्ट. कायम हाच घालायची. हॉस्पिटलात जाताना पण हाच होता."

"तो?" खुर्चीवरून सिसलिनने विचारलं. मराठी बोलणं तिला कळलं नव्हतं, पण शर्टाकडे सगळे बघतायत हे दिसत होतं. "तो तर तुझ्या काकाचा शर्ट."

सगळे तिच्याकडे वळले.

"मी तिला म्हटलं होतं, एवढा मोठा पुरुषी शर्ट कशाला घालतेस? ती म्हणाली, ममा, राकेशच्या भावाने मला असा शर्ट दिलाय ज्यात कुणी राहिलेलंच नाही. असा कोरा मी मध्यभागी कसा लावू? म्हणून मीच राहते आधी त्यात. जुना झाला की लावीन." सिसलिनने डोळे पुसले. "मी दरवेळी विचारायची, झाला का तयार? ती म्हणायची, नाही अजून. अजून कॉलर नवीच आहे."

वर फ्रिजचा आवाज येत होता तेवढाच.

स्वातीला रडू आवरेना. गिफ्टच्या कपाटातला, नकोसा, कुणीतरी कुणालातरी दिलेला शर्ट. तो त्या बाईने वर्षानुवर्षं अंगावर घालून झिजवला होता, तो दिराचा आहे म्हणून. आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही की बाई, तुझ्या अंगात हे काय आहे.

हर्षवर्धन खुर्चीत बसला नाही, खाली कार्पेटवरच बसला. सिसलिनकडे बघून तो इंग्रजीत बोलू लागला, आणि जयंतीच्या भाषणातला एकही शब्द त्यात नव्हता.

"माझे वडील लहान असताना गावच्या पाटलाच्या मुलाचा उतरलेला कोट त्यांना मिळाला. आमच्या लोकांना तेच मिळायचं, उतरलेलं. कधी मेलेल्या माणसाच्या अंगावरचंसुद्धा. तो कोट घालून ते शाळेत गेले. पाटलाच्या मुलाने सगळ्यांसमोर सांगितलं, हा माझा कोट आहे. पोरं हसली. वडिलांनी तिथेच तो काढला आणि थंडीत उघडे घरी आले. तेव्हापासून आमच्याकडे वापरलेलं कुणाला देत नाहीत. मार्वाने माझ्याकडे जुनं कापड मागितलं तेव्हा मला वाटलं, हिला मी माझं उतरलेलं देऊ? हा तिचा अपमान होईल. म्हणून नवा दिला."

सिसलिन खुर्चीत पुढे सरकली.

"मार्वा मॅडमच्या मुलीचा फ्रॉक घालून त्या मुलीच्याच वाढदिवसाला गेली होती," ती म्हणाली. "तिथे त्या मुलीने असंच सांगितलं. अगदी असंच. तू हे तिला सांगायला हवं होतंस, बेटा. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिला कळलं असतं."

"मला लाज वाटली," हर्षवर्धन म्हणाला.

ईशानीने शर्टाची पुढची दोन्ही टोकं मुठीत धरली होती. तिचा राग कुठे जावा ते तिला कळत नव्हतं. हे तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. आजोबांचा फोटो रोज दिसायचा, त्यांचा कोट मात्र आजच कळला.

स्वातीने सासूला थोडक्यात सगळं मराठीत सांगितलं. तिला वाटलं, आता आई लेकाच्या पाठीवरून हात फिरवतील. हर्षवर्धनलाही तसंच वाटलं असावं, कारण तो त्यांच्याच बाजूला बघत होता.

इंदुमतींनी हात फिरवला नाही.

"मास्तरांचा नियम मला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं मी तो पाळला. पण ह्याच घरात मी किती वाकळा शिवल्या रं? तुझ्या बापाचं धोतर, माझं लुगडं, तुझ्या चड्ड्या, समदं जुनंच घातलं त्यात. घरातलं घरातच ऱ्हातंय, त्याला कोण उतरलेलं म्हणतं? नियम परक्यासाठी व्हता. परक्याला नवं देत्यात, मानाचं. तू तिला नवं दिलंस."

हर्षवर्धन उठला आणि जिना चढून वर निघून गेला.

"दादा," राकेशने हाक मारली. तो थांबला नाही.

"जाऊ द्या," स्वाती म्हणाली, पण तिचा जीव वर जिन्यापाशी अडकला होता. आता हा गाडीची किल्ली घेईल आणि निघून जाईल. आता परत कधी या पोरीच्या दारात जाणार नाही. डोक्यावर त्याची पावलं वाजत होती. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

ईशानीने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. आत टी-शर्ट होता. बोटं अडखळत होती.

"आजी, कात्री आहे?" तिने विचारलं. हे मराठीत होतं. "मम्मीला हा मध्ये लावायचा होता ना."

तिचा चेहरा बघवत नव्हता. वर्षभर तिने त्या शर्टाशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नव्हतं. राकेशने मान फिरवली.

"थांब," जिन्यावरून आवाज आला. "तो कापू नका."

हर्षवर्धन खाली येत होता. हातात तो पायजमा होता, बुटाच्या लेससकट.

"तो तिचा आहे," तो पुतणीला म्हणाला. "मी कुठला दिला? मी नुसता टॅग दिला होता. राहिली त्यात ती. तू घाल तो." मग त्याने पायजमा पुढे केला आणि त्याला काय करावं ते सुचेना. "हा माझा. धुतलेला आहे. गुडघ्यावर जरा... पण मऊ आहे."

ईशानीने पायजम्याकडे पाहिलं, मग काकाकडे. मग काकूकडे. स्वाती तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती.

"हा लावायचा?" ईशानी म्हणाली. "गॅलरीत?"

"इतकी वर्षं मी टाकून देत होते," स्वाती म्हणाली. "मला काय माहीत, हा गॅलरीत जायचा होता म्हणून टिकला."

सिसलिनने पायजमा हातात घेतला, बोटांनी चाचपला, एप्रनशेजारी धरून बघितला. "हा तयार आहे," ती म्हणाली.

इंदुमतींनी कात्री मागितली. विरलेल्या गुडघ्याचाच भाग त्यांनी कापून घेतला, चौकोनी, आणि उघड्या जागेवर अंथरला. सुईत दोरा त्यांना ओवता येईना, तो ईशानीने ओवला. मग त्यांनी एक सुई नातीच्या हातात दिली आणि दुसरी लेकाच्या.

"मला कुठे येतंय?" तो म्हणाला.

"बस समोर. ती तिकडून येईल, तू हिकडून ये."

बँकेतल्या मॅनेजरासारखा चष्मा लावून हर्षवर्धन वाकळीवर वाकला. पहिला टाका बोटात गेला, दुसरा वाकडा. ईशानीचे टाके आईसारखे बारीक होते. काकाची खटपट बघून तिने एकदा त्याच्या सुईची दिशा बदलून दिली, न बोलता. बाजूला राकेश कार्पेटवर बसून वाकळीवरून हात फिरवत होता. सिसलिन गुणगुणत होती.

दोघांच्या सुया जवळ आल्या तेव्हा ईशानीने विचारलं, "मग भिंतीवर काय लिहू, काका?"

"चौकोन मोकळा आहे असं आता लिहिता येणार नाही."

"मग?"

हर्षवर्धनने दोरा ओढला. "लिही, मोठे काका उशिरा आले."

ईशानी थांबली. लग्नाची गोष्ट तिने आईकडून ऐकलेली होती. सगळ्यांनीच ऐकलेली होती.

"बिकॉज ऑफ द स्नो?" तिने विचारलं.

स्वातीच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"नाही," हर्षवर्धन म्हणाला. "रस्ता मोकळा होता. तेही लिही."